शतायुष्य आणि अनायास मरण



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतऋतू आहे, आंब्याला पाड लागला आहे, संध्याकाळचा वारा सुखाचा आहे. अशा वेळी मरणाच्या गोष्टी कशाला, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आंब्याला पाड लागणे आणि आमचा विषय यांचे नाते फार जवळचे आहे. ते कसे, हे पुढे ध्यानात येईलच. तोवर श्रोत्यांनी थोडी कळ सोसावी अशी विनंती आहे.

आपल्याकडील कोणतेही जुन्या वळणाचे घर घ्या. नातवाचा वाढदिवस आला की आजी त्याला पाटावर बसवते, कुंकवाचा टिळा आणि अक्षता लावते, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून मग निरांजन ओवाळते आणि म्हणते, “औक्षवंत हो, शंभर वर्षांचा हो.” तीच आजी दिवेलागणीला देवापुढे हात जोडते तेव्हा निराळेच मागते. ती म्हणते, “हातपाय चालताहेत तोवर ने रे बाबा. अंथरुणाला खिळवू नकोस.” नातवासाठी शंभर वर्षे, आणि स्वतःसाठी आजचा मुहूर्तही चालेल! एकाच देवाकडे, एकाच दिवशी, एकाच तोंडाने केलेल्या या दोन मागण्या. त्या ऐकून एखादा चिकित्सक विचारील की, तुमच्या धर्मात ठरले आहे तरी काय? आयुष्य ही मोलाची वस्तू आहे, की लवकर खाली ठेवण्याचे ओझे?

आमचे म्हणणे असे की, या दोन मागण्या दिसावयास दोन असल्या तरी त्यांची अट एकच आहे. ती अट विसरली की शंभर वर्षांचा आशीर्वाद शापासारखा होतो आणि सुखाच्या मरणाची प्रार्थना रडगाणे होऊन बसते. ती अट कोणती, आणि ती पुरी करणे कितपत देवाच्या हाती व कितपत आपल्या हाती आहे, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम शंभर वर्षांची मागणी पाहू. ही मागणी फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात उगवत्या सूर्याकडे पाहून ऋषी शंभर शरद पाहण्याची आणि जगण्याची इच्छा करतो. शुक्ल यजुर्वेदाच्या छत्तिसाव्या अध्यायात हीच मागणी वाढवून मांडली आहे. तेथे ऋषी नुसते जगू दे म्हणून थांबत नाही. शंभर शरद पाहू दे, जगू दे, ऐकू दे, बोलू दे, असे तो एकेक मागत जातो. डोळा, कान आणि वाणी यांची नावनिशीवार मागणी झाल्यावर तो आणखी एक शब्द घालतो, आणि तो शब्दच आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. तो शब्द म्हणजे ‘अदीन’. शंभर वर्षे आम्ही दीन न होता राहावे. एवढे झाल्यावर मग त्याला धीर येतो आणि तो शंभरांच्याही पलीकडची वर्षे मागतो. आधी अदैन्य, मग आकडा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच संहितेचा चाळिसावा अध्याय म्हणजे आपले ईशावास्योपनिषद. त्यातला दुसराच मंत्र सांगतो की शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी, पण ती कर्मे करीत. संन्यासाचे आणि त्यागाचे उपनिषद म्हणून ज्याची ख्याती, ते आरंभीच शंभर वर्षांच्या आयुष्याला होकार देते, हे आमच्या पुष्कळ मंडळींच्या ध्यानात नसते.

हे नुसते पुस्तकातले बोलणे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली गेले. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि १९४४ साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर, समता संघ स्थापन केला. ज्या वयात माणसे औषधाच्या पुड्या मोजतात त्या वयात हे गृहस्थ नवी संस्था काढीत होते. शंभरी भरली त्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे दुसरे उदाहरण. १८६७ ते १९६८ असे त्यांचे आयुष्य. ज्या वेदातली ही शंभर वर्षांची मागणी, त्याच वेदाच्या संशोधनात आणि प्रकाशनात त्यांची शंभरी भरली. अशांच्या बाबतीत ऋषीची मागणी पुरी झाली असे म्हणता येते, कारण दोघांनाही वर्षे मिळाली आणि वर्षांबरोबर कामही मिळाले.

आता अट काढून टाकली म्हणजे काय होते तेही पाहू. वाढदिवसाला सात चिरंजीवांचे स्मरण करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तीळगूळ घातलेले दूध मार्कंडेयाचे स्मरण करून घ्यावे असा विधी आहे. या सात चिरंजीवांत पहिले नाव कोणाचे आहे? अश्वत्थाम्याचे! झोपलेल्या पांडवपुत्रांना ज्याने मारले तो हा अश्वत्थामा. त्याला श्रीकृष्णाने मारले नाही. तीन हजार वर्षे एकटा, रक्तपुवाच्या दुर्गंधीने वेढलेला, कोणाशी न बोलता भटकत राहशील, असा शाप दिला. कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून दारोदार तेल मागत फिरतो अशी आपल्याकडची समजूत. काही घरांत अभ्यंगस्नानाच्या वेळी तेलाचे चार थेंब त्याच्या नावाने जमिनीवर शिंपडतात ते त्यामुळेच. म्हणजे आपल्या परंपरेने चिरंजीवांच्या यादीच्या अग्रभागी एक सावधगिरीची सूचना लावून ठेवली आहे. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, ज्याला कोणी दारात उभे करीत नाही, त्याचे दीर्घायुष्य ही शिक्षा होय.

ययातीची गोष्टही तीच. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आले तेव्हा त्याने आपल्या मुलांकडे तारुण्य मागितले. धाकट्या पुरूने ते दिले. हजार वर्षे भोग भोगून शेवटी ययाती कंटाळला आणि तारुण्य परत करून वनात गेला. वर्षे वाढली, पण तृप्ती वाढली नाही. तेव्हा दीर्घायुष्य हे भांडे आहे. त्यात काय घालावयाचे, हा प्रश्न भांड्याच्या आकाराने सुटत नाही.

आता मरणाच्या मागणीकडे वळू. मृत्युंजय मंत्राची आपल्याकडे केवढी ख्याती आहे! घरात कोणी अत्यवस्थ झाले की जप बसतो. हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्याच मंडलातील मरुतांच्या एका सूक्ताची शेवटची ऋचा आहे. नावावरून वाटते की यात मरणच टळू दे अशी मागणी असावी. प्रत्यक्षात ऋषी त्र्यंबकाजवळ काय मागतो? वेलीवरचे काकडीच्या जातीचे फळ जसे देठातून सुटते तसा मला मृत्यूपासून सोडव, अमृतापासून मात्र सोडवू नकोस. ज्यांनी वाळूक किंवा चिबूड लावला असेल त्यांना ही उपमा समजावून सांगावयास नको. कच्चे फळ ओढाल तर वेल फाटते आणि फळही वाया जाते. पण पिकले की देठ आपसूक सुटतो, हात लावताच फळ ओंजळीत येते. आंब्याला पाड लागल्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला तो यासाठी. मृत्युंजयाचा जप करणारा मरण नको असे म्हणत नाही. कच्चेपणी ओढून नेऊ नकोस, एवढेच तो म्हणतो.

मार्कंडेयाची कथाही या अर्थाला पोषक आहे. मृकंडू ऋषींनी पुत्रासाठी तप केले तेव्हा शंकराने विचारले, दीर्घायुषी पण गुणहीन मुलगा हवा, की गुणी पण सोळा वर्षांचा? बापाने गुणी मुलगा मागितला. सोळावे वर्ष भरले, यमाचा पाश पडला, तेव्हा मुलगा शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि शंकराने यमाला परतवले. आधी गुण मागितला म्हणून पुढे आयुष्य मिळाले, असा या कथेचा रोख आहे. सोलापूरचा पद्मशाली समाज मार्कंडेयांना आपले कुलपुरुष मानतो आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ काढतो. तामिळनाडूतील तिरुक्कडैयूरच्या देवळात, जेथे यम परतला असे मानतात, तेथे साठी आणि ऐंशीचे सोहळे करण्यासाठी दूरदूरची जोडपी जातात. आपल्याकडे साठीशांत करतात आणि एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहावयाला जवळजवळ एक्याऐंशी वर्षे लागतात, असा तो साधा हिशेब आहे.

देवदर्शन झाल्यावर लगेच न परतता पायरीवर क्षणभर टेकावे, अशी आपली जुनी चाल आहे. त्या पायरीवर बसून जुनी माणसे एक छोटी संस्कृत प्रार्थना म्हणत. तिच्यात तीन मागण्या आहेत. कष्टावाचून मरण यावे, दैन्यावाचून जगणे व्हावे, आणि अखेरीस देवाचे सान्निध्य लाभावे. पाहा, वेदातला ‘अदीन’ येथे पुन्हा भेटला! सूर्याकडे तोंड करून शंभर वर्षे मागणाऱ्या ऋषीची जी अट, तीच देवळाच्या पायरीवर मरण मागणाऱ्या म्हाताऱ्याची अट. नातवाला आशीर्वाद देणारी आजी आणि स्वतःसाठी सुटका मागणारी आजी यांच्यात विरोध कोठे राहिला? ती दोन्ही वेळा एकच मागते आहे: लाचारी नको.

आता कोणी म्हणेल की, मरण कष्टावाचून यावे हे ठीक, पण ते थोरामोठ्यांनाही कोठे साधले? भीष्मांचेच पाहा. पित्याकडून इच्छामरणाचा वर मिळालेला हा पुरुष अठ्ठावन्न रात्री बाणांच्या शय्येवर पडून होता. ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर महाभारतातच आहे. उत्तरायणाची वाट पाहत पडलेल्या भीष्मांकडे युधिष्ठिराला घेऊन श्रीकृष्ण गेले, ते राजधर्म आणि मोक्षधर्म विचारण्यासाठी. भीष्म म्हणाले, अंग जळते आहे, बुद्धी चालत नाही, वाणी उमटत नाही. तेव्हा श्रीकृष्णांनी काय केले? धीर धरा, हे प्रारब्ध आहे, असा उपदेश केला नाही. आधी त्यांची वेदना, तहान, भूक आणि ग्लानी दूर होईल असा वर दिला. वेदना शमल्यावर मग भीष्म बोलले आणि शांतिपर्व व अनुशासनपर्व उभे राहिले.

मंडळी, या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे मरणाऱ्याची वेदना शमवणे हे धर्मकार्य आहे, आणि ते उपदेशाच्या आधी करावयाचे आहे. दुसरी म्हणजे, शरपंजरी पडलेले भीष्म दीन नव्हते, कारण त्यांच्याकडे लोक विचारावयास येत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातल्या कोणी चार गोष्टी विचारल्या तर तो भीष्म होतो. कोणीच विचारले नाही तर त्याच अंथरुणावर त्याचा अश्वत्थामा होतो.

सावित्रीची कथा आमच्या भगिनींना ठाऊक आहेच. वटपौर्णिमेला नवऱ्याचे आयुष्य मागणारी म्हणून आपण तिला ओळखतो. परंतु वनपर्वातली सावित्री यमाकडे पहिला वर कोणता मागते? सत्यवानाचे प्राण तिने शेवटी मागितले. पहिला वर मागितला तो आंधळ्या सासऱ्याला दृष्टी आणि बळ यावे म्हणून. दुसरा, त्याचे गेलेले राज्य परत मिळावे म्हणून. म्हणजे घरातल्या वृद्धाचे दैन्य आधी गेले, आणि मग तरुणाला चारशे वर्षांचे आयुष्य मिळाले. वडाला सूत गुंडाळताना या क्रमाची आठवण झाली तर व्रताला आणखी शोभा येईल.

आता आजच्या काळाकडे येऊ. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडे जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षांचे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. देवी गेली, पटकी आणि प्लेग हटले, लसी आल्या, प्रतिजैविके आली, बाळंतपणे सुरक्षित झाली. आजीच्या आशीर्वादाचा पहिला अर्धा भाग विज्ञानाने आणि सार्वजनिक आरोग्याने बराचसा पुरा केला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु दुसरा अर्धा भाग त्यामुळेच अधिक अवघड झाला आहे. पूर्वी दोनचार दिवसांच्या तापात माणूस जाई. आज तो वर्षानुवर्षे अंथरुणावर राहू शकतो, आणि शेवटचे दिवस नळ्यांच्या आणि यंत्रांच्या गराड्यात, काचेच्या दाराआड, आप्तांच्या स्पर्शावाचून जाऊ शकतात. वेल केव्हाच सुकली, फळ केव्हाच पिकले, तरी देठ दोरीने बांधून ठेवल्यासारखी ही स्थिती असते.

आपल्या न्यायालयांसमोरही हा प्रश्न आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर कधी शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचे जीवन थांबवू द्यावे ही विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केली नाही, कारण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचा तिला विरोध होता. मात्र कृत्रिम उपाय थांबवण्याचा मार्ग काही बंधने घालून न्यायालयाने मोकळा केला. अरुणाबाई २०१५ साली गेल्या. बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना घरच्या माणसासारखे सांभाळले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, आणि शुद्धीत असतानाच आपली अखेरची इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ साली त्याची रीत अधिक सोपी करण्यात आली.

हे सर्वांना मान्य होईल असे नाही, आणि आम्ही येथे निकाल देण्यास उभे नाही. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला, तेव्हाही लोकांत मतभेद झाले होते. आम्हांला एवढेच दिसते की, मृत्युंजय मंत्रातील उपमा दोन्ही बाजूंना मर्यादा घालते. कच्चे फळ तोडू नये, आणि पिकलेले बांधून ठेवू नये. कोणते कच्चे व कोणते पिकलेले, हे ठरवणे फार जबाबदारीचे आहे. ते रोग्याच्या इच्छेने, जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने आणि निःस्वार्थ आप्तांच्या साक्षीने झाले पाहिजे. घाई, पैसा किंवा लोकलाज यांना त्यात मत असू नये.

येथे एका धोक्याकडे आपले लक्ष वेधल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘ने रे देवा’ ही प्रार्थना दोन तऱ्हेच्या तोंडांतून निघते. एक तोंड तृप्तीचे असते. लेकीसुना झाल्या, नातवंडे पाहिली, कोणाचे देणे राहिले नाही, आता बोलावणे आले तर पिशवी भरलेली आहे. अशी म्हातारी गेली की शेजारीपाजारी म्हणतात, तिचे सोने झाले. दुसरे तोंड दुखावलेले असते. आपला पसारा झाला, औषधाचा खर्च जड झाला, आपण आलो की बोलणे थांबते, हे ज्याला रोज जाणवते तोही ‘ने रे देवा’ म्हणतो. शब्द तेच, पण ही प्रार्थना नसून फिर्याद आहे, आणि ती देवाकडे नेली असली तरी प्रतिवादी आपण आहोत. आईबापांच्या निर्वाहासाठी २००७ साली सरकारला कायदा करावा लागला. कायद्याने अन्नवस्त्राची सोय होईल, पण म्हाताऱ्या बापाला “बाबा, तुम्हांला काय वाटते?” असे विचारण्याची सक्ती कोणता कायदा करणार?

शेवटी तिसऱ्या मागणीविषयी, देवाच्या सान्निध्याविषयी, दोन शब्द. गीतेच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की अंतकाळी ज्याचे स्मरण होते तीच गती मिळते. ही सोपी युक्ती आहे असे समजून शेवटच्या घटकेवर भिस्त ठेवू नये. भागवतातील भरतराजा राज्य सोडून वनात राहिला, पण हरणाच्या पाडसात जीव गुंतला आणि अंतकाळी तेच डोळ्यांपुढे राहिले. जे आयुष्यभर मनात घोळले तेच शेवटी वर येते. म्हणून तुकोबांनी देवाजवळ वर्षे मागितली नाहीत. त्याचा विसर पडू नये आणि संतांची संगत असावी, एवढेच मागितले. परीक्षितीला सात दिवसांनी मरण येणार हे कळल्यावर त्यानेही मुदत वाढवून मागितली नाही. मरणोन्मुख माणसाने काय करावे एवढेच विचारले, आणि ते ऐकण्यात सात दिवस घालवले. शांत मरणाची तयारी ही अशी शांत जगण्याच्या सवयीतच होत असते.

तेव्हा सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो, आमच्या म्हणण्याचा इत्यर्थ थोडक्यात सांगतो. आयुष्य किती, आणि मरण केव्हा, हे देवाकडे मागावे. तेवढे आपल्या हाती नाही. पण दैन्य नको, ही जी मधली मागणी आहे तिचा मोठा वाटा देवाने आपल्याच पदरात घातला आहे. घरातल्या वृद्धाच्या हाती झेपेल असे एखादे काम राहू द्यावे, मग ते भाजी निवडण्याचे असो की नातवाला पाढे म्हणून घेण्याचे. घरातल्या निर्णयात त्याचे मत घ्यावे. दुखत असेल तर वय झाले म्हणून सोडून न देता वेदना शमवण्याचा उपाय करावा. वेदनाशामक शुश्रूषेचे शास्त्र आज पुष्कळ पुढे गेले आहे. शेवटच्या दिवसांविषयी त्याची काय इच्छा आहे, हे तो धडधाकट असतानाच, अभद्र न मानता, विचारून ठेवावे. आणि जे आज तरुण आहेत त्यांनी स्वतःसाठीही आतापासूनच मनाला एक निष्ठा आणि हाताला एक काम लावून घ्यावे.

एवढे केले म्हणजे पुढच्या वाढदिवसाला ‘शंभर वर्षांचा हो’ म्हणताना आपल्याला संकोच वाटणार नाही, आणि दिवेलागणीच्या प्रार्थनेतला तो ‘ने रे बाबा’ कानी पडला तर तो तृप्तीचा आहे, याची खात्री बाळगता येईल. येथे जमलेली सर्व मंडळी औक्षवंत आणि अदीन असोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.